कॉलची यादी कुणी नेली, हे ग्राहकाला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे कॉल जोडून देणारी, होते. कॉल लागला की तिकिटावर लिहायचे: कुठल्या नंबरवरून, कुठल्या नंबरला, किती वाजता, किती मिनिटे. पाळी संपली की सगळी तिकिटे मोजून द्यायची. ‘इथे कळलेले घरीसुद्धा बोलायचे नाही,’ हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते. संदेश फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८५च्या तार कायद्यातच होती.

आज त्या तिकिटाला सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड), म्हणजे कॉलच्या नोंदींची यादी, म्हणतात. त्यात बोलणे नसते, म्हणून अनेकांना ते किरकोळ वाटते. पण आता त्यात मोबाइल कुठल्या टॉवरखाली होता हेही असते. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बाईची यादी त्याच्या हाती पडली, तर ती कुठल्या वकिलाशी बोलते आणि रात्री कुठल्या भागात असते, हे त्याला घरबसल्या समजते. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. म्हणजे दोन वर्षांचे आयुष्यच.

आणि या याद्या विकल्या जातात. २०१८ साली आमच्या ठाण्यातच पोलिसांनी हा बाजार उघडकीस आणला, खासगी गुप्तहेरांना अटक झाली. त्याआधी २०१३ मध्ये राज्यसभेतील विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या कॉलच्या नोंदी मिळवल्याचे प्रकरण दिल्लीत गाजले. त्यात एक पोलीस शिपाईही पकडला गेला. विरोधी पक्षनेत्याची यादी गेली म्हणून बातमी झाली. माझी किंवा तुमची गेली तर?

कायदे झाले आहेत, हे मी मानते. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जून २०२४ पासून हे कलम लागू आहे. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. पण तो सगळा सरकारी तिजोरीत जमा होणार! ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला एक रुपयाही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातले नुकसानभरपाईचे कलम ४३ अ याच नव्या कायद्याने काढून टाकायचे ठरले आहे. हे मला अजिबात पटत नाही. ते कलम राहिलेच पाहिजे.

कंपनीकडून माहिती फुटली तर ग्राहकाला कळवण्याचे बंधन नव्या कायद्यात आहे, ते चांगलेच आहे. मात्र तपासाच्या नावाखाली रीतसर पत्र देऊन यादी मागवली, तर ग्राहकाला कोण सांगणार? गैरवापराची खरी वाट तीच आहे. तपास चालू असताना गुप्तता हवी, हे मान्य. गरज असेल तर न्यायालयाने गुप्ततेची मुदत वाढवून द्यावी. पण तपास संपल्यावर, निदान वर्षभराने तरी, ग्राहकाला कळलेच पाहिजे.

आमच्या वेळी बिलावर कुणी हरकत घेतली, तर तिकीट शोधून दाखवावे लागे. आता कंपनीच्या ॲपवर माझे रिचार्ज दिसते, किती डेटा वापरला तेही दिसते. माझी यादी कुणी आणि कोणत्या तारखेला नेली, तेही तिथेच दिसावे.

– एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, ठाणे