कॅरिबियनच्या मेडिकलबद्दल पुरवणीत राहून गेलेली अट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत परदेशातल्या मेडिकलवर पान आलं, त्यात ग्रेनाडाचं, म्हणजे कॅरिबियनमधल्या त्या छोट्या बेटाचं, नाव बघितलं आणि लिहायलाच बसलो, कारण दोन महिने झाले आमच्या घरात हाच विषय चाललाय. पुतणी नीटला क्वालिफाय झालीये पण सरकारीत नंबर लागण्याइतके मार्क नाहीत आणि प्रायव्हेटची फी ऐकली की भाऊ गप्प होतो. आमच्या लातूरात अशी घरं गल्लीला चार तरी सापडतील.

तर आम्ही एका कन्सल्टन्सीच्या सेमिनारला गेलो. हॉटेलचा हॉल, गारेगार एसी, समोसा, स्क्रीनवर निळाशार समुद्र. पोरगा टाय लावून सांगत होता, "पहिली दोन वर्षं बेटावर, पुढची दोन डायरेक्ट अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये!" पालक खूश. माझ्या शेजारच्या बाईंनी तर तिथल्या तिथे फॉर्म मागितला.

आणि गोम तिथंच आहे हो. एनएमसीचा, म्हणजे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा, नोव्हेंबर 2021 चा नियम सांगतो की बाहेर शिकून भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर कोर्स किमान 54 महिन्यांचा पाहिजे, इंग्रजीतून पाहिजे, वर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत पाहिजे, आणि शिक्षणाचा कुठलाही भाग त्या संस्थेच्या देशाबाहेर केलेला चालत नाही. आता बेटावर दोन न् अमेरिकेत दोन, म्हणजे झाले 48 महिने आणि देश दोन. मी उठून विचारलं तर म्हणतो "सर, प्री-मेडचं, म्हणजे मेडिकलच्या आधीच्या तयारीचं वर्ष धरा ना", आणि देशाचं विचारलं तर हसून "इतकं शिकून पोरगी लातूरला कशाला येईल?" अरे पण आम्हाला यायचंच असेल तर?

डिग्रीचंही तसंच. तिकडे पहिल्याच डिग्रीला एमडी म्हणतात. आपल्याकडे एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरचं, त्यामुळे मागच्या रांगेतले एक काका "चार वर्षांत डायरेक्ट एमडी!" करत बसले होते आणि स्टेजवरून कोणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

ग्रेनाडाला मी नावं ठेवत नाहीये. तिथली सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटी 1976 ची, 1983 मध्ये अमेरिकेने त्या बेटावर सैन्य उतरवलं तेव्हा तिथं शिकणाऱ्या अमेरिकन पोरांच्या सुरक्षिततेचं कारण दिलं होतं, एवढी जुनी ती. ज्याला यूएसएमएलई, म्हणजे तिकडची डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा देऊन अमेरिकेतच रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं ट्रेनिंग करायचंय, व्हिसाची रिस्क घ्यायची तयारी आहे आणि खिशात डॉलर आहेत, त्याच्यासाठी तो रस्ता मळलेला आहे. पण तो रस्ता अमेरिकेला जातो, इकडे येत नाही. त्याच बाजूच्या बेलीझ या देशातल्या तीन संस्थांबद्दल तर 2025 मध्ये खुद्द एनएमसीनेच सावध केलं होतं.

अजून एक. कॅरिबियन म्हणजे फक्त मेडिकल असं तुम्हीही धरून चाललात. जमैकातल्या मोनाला 1948 मध्ये सुरू झालेली युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज, तिचे त्रिनिदादला सेंट ऑगस्टीन आणि बार्बाडोसला केव्ह हिल असे कॅम्पस, तिथली सरकारं मिळून चालवतात ती, इंजिनिअरिंग, शेती, कायदा सगळं आहे. केव्ह हिलवरचं थ्री डब्ल्यूज ओव्हल मैदान तर क्रिकेटवेड्यांना माहीत असेल. सेमिनारमध्ये हिचं नाव एकदाही निघालं नाही. कमिशन नसेल बहुतेक.

माझं मागणं एवढंच की पुढच्या वेळी असं पान छापाल तेव्हा ती 54 महिन्यांची आणि एकाच देशाची अट चौकट करून वर छापा, जाहिरातीच्या शेजारी. पुतणीने आता रिपीट करायचं ठरवलंय. भावाने भरलेले बुकिंगचे पंचवीस हजार मात्र परत मिळत नाहीत म्हणे, पावतीच्या पाठीमागे तसं छापलंय, मी आईचं भिंग आणून वाचलं.

आपला,
एक काका, लातूर