कॉटचं भाडं आणि भत्त्याचा हिशेब

संपादक महोदय,

पुण्यात सदाशिव पेठेत चौघींच्या खोलीत मी कॉट बेसिसवर राहते. कॉटचे महिन्याला ३,५०० रुपये, मेसच्या दोन वेळच्या डब्याचे ३,०००. बस, झेरॉक्स, परीक्षा फी वेगळीच. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. तेव्हा गावाहून आलेली शेंगदाण्याची चटणी निघते आणि कोपऱ्यावरून पाव येतो. महिनाअखेरीस हेच रोजचं जेवण होतं. घरी कुणी सांगत नाही, कारण यंदा सोयाबीनला काय भाव मिळाला हे आम्हाला ठाऊक असतं.

माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा आधार आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासन या योजनेतून राहण्या-जेवणाचा भत्ता देतं. या भत्त्याशिवाय ती पुण्यात शिकूच शकली नसती. पण २०१६-१७ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यात निवासाचे फक्त २०,०००. म्हणजे महिन्याला सतराशेही नाहीत! एवढ्यात आज पेठेत कॉट मिळत नाही, आणि अनामत रक्कम आधीच भरावी लागते ती वेगळी. उरलेलं भाडं ती जेवणाच्या पैशांतून भरते.

विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना मोलाची आहे, पण दिवसभर प्रॅक्टिकल असलेल्यांना कामाचे तास काढता येत नाहीत. निवासाचा भत्ता शहरातल्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडावा आणि दर जूनमध्ये त्याचा आढावा घ्यावा, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे