गोठ्यातला बैल कुठून आला?

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र पोचलं. 'निकीयाच्या परिषदेत मतदान घेऊन तुमच्या चर्चने चार पुस्तकं ठेवली नि बाकीची जाळली, खरं का रे?' असं विचारलंयस. आधी हे खोडून टाकतो, मग मोकळेपणाने भांडू. निकीया इथल्या बिशपांच्या सभेत 325 साली भांडण झालं ते ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा की नाही, यावर. पुस्तकांची निवड हा तिथला विषयच नव्हता.

खरा प्रकार फार सावकाश घडला आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. 180 च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराचा बिशप इरेनियस लिहितो, की शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची नि शिकवणीची पुस्तकं, चारच असू शकतात, कारण दिशा चार आणि वारेही चार. आता हे काय कारण झालं? आपल्याकडे तर दिशा दहा! पुढे 367 साली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने आपल्या इस्टरच्या पत्रात नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाच्या, 27 पुस्तकांची यादी दिली. आजची यादी अगदी तशीच आहे. यापलीकडच्या 'गुप्त' पुस्तकांपासून लांब राहा, असंही त्याने बजावलं.

आता इजिप्तमध्येच थांब जरा. 1945 च्या डिसेंबरात नाग हम्मादी गावाजवळ शेतकरी खतासाठी माती खणत होते, त्यांना एक मातीचा रांजण सापडला. आत कातडी बांधणीच्या 13 वह्या होत्या, कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतल्या. त्यातली काही पानं एका शेतकऱ्याच्या आईने चुलीत घातली असं सांगतात, पण या कथेवर अभ्यासकांचा पुरता भरवसा नाही. मला भावली ती बांधणी. कातड्याला ताठपणा यावा म्हणून आतून रद्दी कागद चिकटवले होते: जुन्या पावत्या, पत्रं. त्यातल्या काहींवर तारखा आहेत, 341 पासून 348 पर्यंतच्या. म्हणजे वह्या बांधल्या गेल्या त्या त्यानंतर, अथानासियसच्या पत्राच्या आगेमागे. पाखोमियस या ख्रिस्ती साधूच्या पंथातल्या संन्याशांचा मठही तिथून फार लांब नव्हता. पत्र आल्यावर त्यांनीच ही पुस्तकं पुरली असावीत, असा एक तर्क आहे. सिद्ध झालेला नाही, पण मला पटावासा वाटतो. टाकून द्या म्हटलेलं कुणालातरी टाकवलं नाही.

त्या वह्यांमध्ये थोमाचं शुभवर्तमान आहे. येशूची 114 वचनं, बस्स. चमत्कार नाही, क्रूसावरचं मरण नाही, पुनरुत्थान नाही. मोहरीच्या दाण्यासारखी कितीतरी वचनं आपल्याला बायबलमधल्या मत्तय-लूकच्या शुभवर्तमानांतून ओळखीची आहेत. पण लगेच हुरळून जाऊ नकोस. शेवटच्या वचनात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, मरियेला आपल्यातून जाऊ दे, बायका जीवनाला पात्र नाहीत. येशू तिची बाजू घेतो खरा, पण कशी? तिला पुरुष करीन म्हणतो! शिवाय बाळपणाच्या एका पुस्तकात लहानगा येशू खांद्याला धक्का लागला म्हणून एका पोराला शाप देऊन मारतो. असलं वगळलं, यात चर्चचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. जे वगळलं, ते आम्ही पाळतोच आहोत. येशूची आई मरिया, तिचे आईवडील आन्ना आणि योआकिम, ही नावं बायबलमध्ये शोधूनही सापडणार नाहीत. ती येतात याकोबाच्या नावावरच्या दुसऱ्या शतकातल्या पुस्तकातून. सहाव्या शतकातल्या, पोप गेलासियसच्या नावावर चालणाऱ्या यादीत ते पुस्तक नाकारलेलं आहे. तरी गोव्यात तळावलीच्या सांतानाच्या, म्हणजे संत आन्नाच्या, फेस्ताला मूल व्हावं म्हणून जोडपी याच आन्नाला काकडी वाहतात. नाताळात आम्ही वसईत गोठा करतो, तू दरवर्षी बघायला यायचास. त्यात बैल आणि गाढव हवंच. लूक वाच पुन्हा: गव्हाण आहे, पण बैल नाही, गाढवही नाही. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या एका ओळीवरून ती जोडी शुभवर्तमानाबाहेरच्या कथेत शिरली आणि तिथून थेट आमच्या गल्लीत.

हे मी आमच्या फादरांना सांगितलं, तर म्हणाले, 'असली पुस्तकं वाचून विश्वास डळमळतो.' मी म्हटलं, फादर, मग बैल काढायचा का? हसले, पण उत्तर दिलं नाही. नंतर प्रवचनात 'अर्धवट वाचणाऱ्यां'वर बोलले. रोख कुणावर होता, ते अख्ख्या चर्चला कळलं.

काकडी चालते, बैल चालतो. मग येशूची शिष्या मरिया मग्दालेना, तिचं पुस्तक का नाही चालत? त्याची कॉप्टिक प्रत 1896 मध्ये कैरोत विकत घेतली गेली, आज ती बर्लिनला आहे. त्यात मरिया आपला दृष्टांत सांगते, आणि पेत्र भडकतो: प्रभू आम्हाला सोडून एका बाईशी गुपचूप बोलला? दुसरा शिष्य लेवी त्याला सुनावतो, की तू पहिल्यापासूनच तापट आहेस. प्रभूने तिला योग्य ठरवलं, तर तिला नाकारणारा तू कोण? हे घडलंच असेल असं मी म्हणत नाही. पण त्या काळच्या ख्रिस्ती मंडळीत बाईने शिकवावं की नाही यावर भांडण होतं, एवढं तरी त्यातून दिसतं. ते भांडण मिटलेलं नाही, मिलिंद. आमच्याकडे धर्मशिक्षणाचे वर्ग बहुतेक बायकाच घेतात आणि वेदीवर पुरुष उभा राहतो.

तू विचारशील, मग मिस्सेला जातोस की नाही? जातो, दर रविवारी. पुढल्या शनिवारी आम्ही चौघं-पाच जण घरी मरियेचं पुस्तक वाचणार आहोत. पहिली सहा पानं गहाळ आहेत, आणि ऐन दृष्टांतातली 11 ते 14 पण. तू ये. फादरांनाही बोलावलंय.

तुझा,
विल्सन