फाइलवर आईचं नाव लिहिणाऱ्या वकील मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत घ्यायला दिलेल्या इसाऱ्याचे ४०,००० रुपये परवा व्याजासकट खात्यात परत आले. फोनवर नीट बोलता येईना, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी मी दोन उंबरे झिजवले होते. पहिल्या वकीलसाहेबांनी माझ्या ईमेलच्या प्रिंटांना हातही लावला नाही. "स्टॅम्पपेपर कुठाय? मग व्यवहारच नाही." दुसऱ्यांनी आधी फीचा आकडा सांगितला, मग हसले. "वेबसाइटच्या नावासाठी एवढं? नावांना काय तोटा आहे!" विकणारा तर जास्त पैसे देणाऱ्याला ते डोमेन देऊन केव्हाच मोकळा झाला होता.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "हे नाव कुणाचं?"

आईचं, म्हटलं. तिच्या कांदा-लसूण मसाल्याला आम्ही तिचंच नाव दिलंय. गेल्या वर्षी ती गेली. तुमच्या मुलानं, म्हणजे ऑफिसातल्या ज्युनिअरनं, फाइलवर 'डोमेन मॅटर' लिहिलं होतं. त्यावर तुम्ही काट मारलीत आणि आईचं नाव लिहिलंत. ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर. त्यानंतर तुम्ही बोललात त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात शिरलंच नाही, खरं सांगतो.

उरलं ते एवढं. किंमत ठरली, विकणाऱ्यानं 'ओके, फायनल' लिहिलं, पैसे घेतले, म्हणजे १८७२ च्या करार कायद्यानं करार झाला. तो ईमेलवर झाला म्हणून कच्चा ठरत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ तेच सांगतं. कलम ७३ खाली नुकसानभरपाईही मागता येते. पण नाव? आपला व्यवहार ठाऊक नसलेल्या माणसानं पैसे मोजून ते घेतलं असेल, तर कोर्ट त्याच्याकडून ते काढून देत नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलंत. आशा दाखवून तारखांवर तारखा घेता आल्या असत्या. तुम्ही एक नोटीस पाठवलीत आणि फीसुद्धा तेवढ्याचीच घेतलीत. अशी माणसं भेटली की आधीच्यांचा राग निम्मा उतरतो. निम्माच हं.

आता आईच्या नावापुढे 'घरचा' लावून नवं डोमेन घेतलंय, हजार रुपयांच्या आत. जरा लांबडं झालंय.

मसाल्याची दोन पाकिटं कुरिअरनं पाठवलीत. पैसे पाठवलेत, तर नोटीस माझ्याकडून येईल.

तुमचा,
मसालेवाला पक्षकार