बाथला गेलात तर हर्शेलचं घर चुकवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या टूरवर लेख होता, त्यात बाथ शहराचं फक्त रोमन बाथ्स आणि शॉपिंग एवढंच आलं, म्हणून लिहितेय. तिथनं चालत दहा-पंधरा मिनिटांवर, १९ न्यू किंग स्ट्रीटला, युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचं घर आहे, आता त्याचं म्युझियम केलंय, आणि आपले टूरवाले ते दाखवतच नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. मुलगी तिकडे राहते म्हणून आमचं जाणं झालं.

हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, पोटासाठी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या घ्यायचा आणि रात्री स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून आकाश बघायचा. १३ मार्च १७८१ ला याच घराच्या मागच्या बागेतून त्याला युरेनस दिसला, आधी त्याला तो धूमकेतूच वाटला होता. बाग छोटीशीच आहे हो, आणि शनीच्या पलीकडेही ग्रह आहे हे जगाला कळलं ते तिथून!

पण मी जास्त रेंगाळले ते खालच्या वर्कशॉपमध्ये. तेव्हा दुर्बिणीचे आरसे धातूचे असायचे, तांबं आणि कथील वितळवून ओतायचे, साचा चक्क घोड्याच्या लिदीचा, आणि ती लीद कुटायचं चाळायचं काम बहीण कॅरोलिनकडेही होतं. युरेनस दिसला त्याच वर्षी तीन फुटी आरसा ओतताना तापलेला धातू गळून फरशीवर आला, दगड तडातड फुटून उडाले, सगळे जीव घेऊन बाहेर पळाले. त्या तडकलेल्या फरश्या अजून तिथेच आहेत, गुळगुळीत नवीन बसवल्या नाहीत हे फार बरं केलं.

आणि कॅरोलिन! भाऊ आरसा घासायला बसला की तासन्‌तास हात काढता यायचा नाही, तर ही त्याला घास भरवायची. पुढे तिने स्वतः ८ धूमकेतू शोधले, १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार मिळायला लागला, त्या काळात एका बाईला, विज्ञानाच्या कामासाठी. आम्हाला शाळेत युरेनस शिकवला पण हिचं नाव कुणी घेतलं नाही. पुरवणीत तिच्यावर एक सविस्तर लेख द्याच अशी विनंती, आणि टूरवाल्यांनी शॉपिंगमधला एक तास या घराला द्यावा, छोटं घर आहे, तेवढ्यात बघून होतं.

आपली नेहमीची वाचक,
नाशिक