आजीच्या वह्यांचं पुस्तक करताना

चि. बाळास,

सप्रेम जय भीम.

आजीचं पुस्तक तू करणार हे ठरलं, फार बरं झालं. पुण्यस्मरणाला वाटतात तसली स्मरणिका मात्र नको, वर फोटो आणि आत 'प्रेमळ, कष्टाळू, धर्मनिष्ठ'. हे शब्द कोणत्याही बाईला लागू पडतात, म्हणून कोणाविषयीच काही सांगत नाहीत. आजीच्या रोजनिशा, महिला मंडळाचे हिशेब, विहारात वाचायला लिहिलेली टिपणं आणि कविता आपल्याकडे आहेत. ती कशी जगली ते त्यांत आहे. ते बिघडू न देता छापायचं, एवढंच काम.

पेटी उघडल्यावर लगेच आवरायला बसू नकोस. कागद ज्या क्रमाने सापडतात, तो क्रमही पुरावा असतो. हिशेबाच्या वहीत एखादी कविता घडी घालून ठेवलेली असेल, तर ती कोणत्या महिन्याची हे ती वहीच सांगते. म्हणून आधी प्रत्येक वहीला क्रमांक दे आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने आकडा टाक. कोऱ्या पानांवरही टाक. सुटा कागद जिथे निघाला तिथला आकडा त्याच्यावर लिही, मगच तो बाजूला काढ. टाचण्या, स्टेपल, रबर काढून टाक, त्यांच्या गंजाने आणि डिंकासारख्या चिकट्याने कागद सडतो. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही.

आपल्याकडे कागदाला दोन ऋतू वाईट. पावसाळ्यात बुरशी आणि कसर, उन्हाळ्यात ऊन. दमट वास येतो म्हणून लोक वह्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर पसरतात. 45 अंशांत कागद ठिसूळ होतो आणि दौतीच्या शाईचं अक्षर उडतं. सावलीत, हळू पंख्याखाली, पानांमध्ये कोरा कागद घालून वाळव. चिकटलेली पानं ओढू नकोस. कसर जिवंत असेल तर वही पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं बाष्प थंड कागदावर बसतं आणि वही भिजते.

स्कॅन रंगीत कर. मजकुराला 300 डीपीआय पुरतात, लहान फोटोंना 600. मोबाईलच्या अ‍ॅपने करशील तर त्याची आपोआप 'स्वच्छ' करण्याची सोय बंद ठेव. ती पेन्सिलीची फिकट अक्षरं पांढरी करून टाकते आणि समास कापते. आजी निम्मं समासातच लिहायची.

आता तारखांविषयी. अशा पुस्तकांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर लिहिते. छापील डायरीवरच्या सालावर विश्वास ठेवू नकोस. विम्याच्या, बँकेच्या फुकट मिळालेल्या डायऱ्या बायका पुढची कित्येक वर्षं वही म्हणून वापरत. वर छापलेली तारीख 1961 ची आणि खालचा हिशेब 1965 चा, असं सहज निघतं. खरा काळ मजकुरात शोध. रुपये, आणे, पै असे तीन रकाने असतील तर तो हिशेब बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. नुसतं 'चार आणे' मात्र लोक पुढेही लिहीत राहिले, त्यावरून काही ठरवू नकोस. 'नये पैसे' दिसले तर 1957 ते 1964 च्या आसपास. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. पत्त्यात 'नागपूर, मध्य प्रदेश' असेल तर 1950 ते 1956 मधलं, कारण 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो आणि महाराष्ट्र 1 मे 1960 ला झाला. म्हणजे बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं! पुस्तकात टीप देशील तेव्हा हे नीट लिही, पुष्कळांचं इथे चुकतं. पोस्टकार्डावरचा शिक्का सगळ्यात भरवशाचा. पाकीट पत्रापासून वेगळं करू नकोस.

दीक्षेच्या नोंदींना जरा जपून हात लाव. 14 ऑक्टोबर 1956 ला विजयादशमी होती. म्हणून पुढच्या वर्षांच्या वह्यांत 'दीक्षेचा दिवस' असं असेल, तर ती 14 ऑक्टोबर पाळते आहे की तिथीने येणारी अशोक विजयादशमी, हे आजूबाजूच्या नोंदींवरून ठरव. कोणी 'मी 15 ला दीक्षा घेतली' असं लिहिलं असेल तर ते खोडून 14 करू नकोस. जे आदल्या दिवशी पोचले नाहीत त्यांना बाबासाहेबांनी 15 ला नागपुरातच दीक्षा दिली आणि 16 ला चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला. बुद्धाब्दातून, म्हणजे बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून मोजलेल्या वर्षातून, इसवी सन काढताना 543 वजा करायचे की 544, हा घोळ होतो. दुसरा पुरावा मिळेपर्यंत साल कंसात ठेव.

तसंच 20 जुलै 1942 चं. त्या दिवशी नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतल्या बायकांना रजा असे ठराव झाले. पुढे महिला मंडळांनी जे केलं त्याचं मूळ तिथे आहे, म्हणून प्रस्तावनेत ते आलंच पाहिजे. पण 'आजी तिथे हजर होती' हे लेखी काही सापडल्याशिवाय लिहायचं नाही. नागपुरातलं प्रत्येक घर तसं सांगतं, आणि मनापासून सांगतं. जीवनपटाला तीन रकाने कर: तारीख, घटना, आधार. आधार रिकामा राहिला तर 'घरातली सांगी' असं स्पष्ट लिही. जन्मतारीख दाखल्यावर 1 जून किंवा 1 जुलै असेल तर ती बहुतेक मास्तरांनी घातलेली असते.

अक्षरजुळणीत तिची भाषा सुधारू नकोस. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' हे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीच्या शिक्षणाचे आहेत, ती पुढेही तसंच लिहीत राहिली. 'येऊन राह्यली', 'पोट्टे', 'बाप्पा' हे तर तसंच हवं. तिच्या शब्दांत मी कोणाला हात लावू देणार नाही, तुलाही नाही. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंस घाल, अंदाज घालू नकोस. टंकन युनिकोडमध्येच कर. छापखान्याने जुन्या फॉन्टमध्ये बदललं की रफार सरकतो आणि 'ऱ्या', 'श्र', 'ज्ञ' तुटतात. तेवढ्यासाठी एक मुद्रित (प्रूफ) वेगळं वाच.

तिची श्रद्धा दाखवायला वेगळं प्रकरण लागणार नाही. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कोणी कोणत्या संध्याकाळी वाचायचं याची यादी, पौर्णिमेच्या खिरीला कोणाकडून किती तांदूळ आले, कोणाच्या मुलीच्या फीला मंडळाने किती दिले: या याद्या पूर्ण छाप, निवडून नको. त्याच पानांवर तुझ्या मामाच्या तापाची आणि दळणाची नोंद असते, तीही काढू नकोस. घर आणि मंडळ तिने कधी वेगळ्या वहीत लिहिलं नाही, पुस्तकातही ते वेगळं करायचं नाही.

नावं मात्र बदलावी लागतील. मार खाऊन आलेल्या, कर्जात बुडालेल्या बाया त्या वहीत आहेत आणि त्यांची नातवंडं याच वस्तीत राहतात. अशा ठिकाणी फक्त 'एक बाई' असं लिही, आद्याक्षरही देऊ नकोस, वस्तीत ते लगेच ओळखू येतं. आजीच्या लेखनाचा हक्क 60 वर्षं वारसांचा असतो, म्हणून मामा आणि मावशी दोघांची लेखी संमती घे. तिला आलेली पत्रं कागद म्हणून आपली, मजकूर लिहिणाऱ्याचा. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती छापू नकोस.

आकार डेमी ठेव, 16 पानांचा एक फर्मा, सहा फर्म्यांत 96 पानं होतात. कागद 70 जीएसएम मॅपलिथो, फोटोंना आठ पानं आर्ट पेपर वेगळा. बांधणी शिवणीची सांग. नुसत्या गोंदाची बांधणी आपल्या उन्हाळ्यात पाठीशी उकलते. शेवटी स्थळसूची दे, वस्तीतल्या विहारापासून इंदोऱ्यापर्यंत. पुढे कोणी अभ्यासाला घेतलं तर आधी तीच उघडेल.

मूळ वह्या भावंडांत वाटून घ्यायचं कोणी सुचवलं तर नाही म्हण, स्कॅनच्या प्रती सगळ्यांना दे. वही क्रमांक एकची पहिली दहा पानं जुळवून झाली की मला पाठव, अक्षर मला लागतं.

तुझी आई
नागपूर