अंथरुणाला खिळलेल्यांची गादी : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने दाबाखाली होणारी जखम) टाळणारी योग्य गादी ग्रामीण रुग्णालयातून उसनी मिळण्याबाबत व तिच्या खरेदीचे निकष ठरवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही काही जण रुग्णोपयोगी साहित्याचे केंद्र चालवतो. कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, डोक्याकडून उचलता येणारा पलंग, कमोडची खुर्ची आणि हवेच्या गाद्या आम्ही अनामत रक्कम घेऊन देतो व वस्तू धड परत आली की रक्कम परत करतो. मी या कामाला लागले ते माझ्या सासऱ्यांमुळे. पक्षाघातानंतर त्यांना रुग्णालयातून घरी सोडले, तेव्हा हातात दिलेल्या कागदावर रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, हातापायाचे दोन व्यायाम होते आणि पंधरा दिवसांनी दाखवायला यायची तारीख होती. पण त्यांना झोपवायचे कशावर, कूस किती वेळाने बदलायची, पाठ कधी आणि कशी पाहायची, याबद्दल एक ओळही नव्हती. अकराव्या दिवशी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा जांभळट डाग दिसला. आम्ही पावडर लावून तो चांगला चोळला. महिनाभराने त्या जागी माझी दोन बोटे आत जातील एवढी पोकळी होती.

चोळणे हीच चूक होती, हे मला फार उशिरा कळले. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस दाबले गेले की तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि पुष्कळदा आधी मरते ते हाडालगतचे मांस, वरची कातडी नंतर फाटते. म्हणून बाहेर चवलीएवढे तोंड आणि आत वाटीएवढी पोकळी असा प्रकार दिसतो. अशा जागी चोळले की उरलेसुरले मांसही दुखावते. पुस्तकांत पहिली पायरी म्हणून लालीचे वर्णन असते, पण आपल्याकडच्या सावळ्या आणि काळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद झालेली, हाताला गरम किंवा कडक लागणारी जागा शोधावी लागते. ती शोधायला कोणतेही यंत्र लागत नाही. दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात, माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू पाहायची, एवढेच ते काम आहे, आणि ते घरच्या माणसाला शिकवायला दहा मिनिटे पुरतात.

आता गादीविषयी, कारण हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. आमच्याकडे लोक कोणत्याही हवेच्या गादीला 'वॉटर बेड' म्हणतात आणि ती आणली की आपले कर्तव्य झाले, असे समजतात. गेल्या पावसाळ्यात एका घरी आमची गादी कशी चालली आहे, हे पाहायला मी गेले होते. आजींच्या खाली गादी होती, तिच्यावर रेक्झिन, रेक्झिनवर चौघडी घातलेली गोधडी, त्यावर चादर आणि कमरेखाली जुन्या लुगड्याच्या घड्या. पंपाचे बटण शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलेले होते, त्यामुळे गादी फळीसारखी टणक झाली होती. सून म्हणाली, "ताई, आईंना त्या प्लास्टिकवर गार लागतं, म्हणून गोधडी टाकली." तिने सासूच्या मायेपोटी जे केले, त्याने गादीचा उपयोग जवळजवळ संपला होता. वर एकच पातळ सुती चादर, तीही ताणून न बसवलेली, आणि बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. सांगायला हवे होते आम्ही; गादी देताना आमच्याही केंद्रात त्या दिवशी घाई होती, हे कबूल करते.

पंप बरोबर लावला आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. रुग्ण गादीवर असताना तिच्या खाली, माकडहाडाच्या बरोबर सरळ रेषेत, तळवा वर करून हात सरकवायचा. हाड थेट हाताला टेकले, तर गादीत हवा कमी आहे किंवा गादी त्या वजनाला पुरत नाही. हाताच्या आणि शरीराच्या मध्ये साधारण इंचभर जाडी जाणवली पाहिजे. आमच्याकडे गादी नेणाऱ्या प्रत्येकाला आता आम्ही हे आधी त्याच्या स्वतःच्या पाठीवर करून दाखवतो.

महोदय, महागडी गादी सर्वांना द्या, असे माझे म्हणणे नाही. ब्रिटनमध्ये २,०२९ रुग्णांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जिचे कप्पे पंपाने आलटून-पालटून फुगतात अशा हवेच्या गादीची तुलना उच्च प्रतीच्या फोमच्या गादीशी केली होती. हवेच्या गादीवरच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना आणि फोमवरच्या शंभरांतल्या सुमारे नऊ जणांना नवे व्रण झाले. हा फरक इतका थोडा होता की, हवेची गादी निश्चित सरस आहे असे त्यावरून ठरले नाही. मात्र या निष्कर्षाचा आपल्याकडे अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतील. तिथला फोम म्हणजे आपल्या बाजारातला, वर्षभरात खड्डा पडणारा स्वस्त फोम नव्हे, आणि त्या रुग्णांची शुश्रूषा करायला प्रशिक्षित माणसे होती. ज्याला स्वतः थोडे वळता येते आणि ज्याची कातडी शाबूत आहे, त्याला चांगल्या घनतेचा, दाबल्यावर तळाला न टेकणारा फोम पुरतो. त्याला वीज लागत नाही, तो फुटत नाही आणि त्याच्यावरून उठून बसणे सोपे जाते. उठू शकणाऱ्या माणसाला फार मऊ, डुचमळणारी गादी दिली, तर त्याची आहे ती हालचालही बंद होते, आणि कठड्याच्या पलंगावर गादी उंच झाल्याने पडण्याची भीती वाढते ती वेगळीच.

ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, ज्याचे कपडे लघवीने वारंवार ओले होतात, जो खूप वाळला आहे किंवा ज्याला दोन-तीन जागी व्रण झाल्याने कोणत्याही कुशीवर मोकळे झोपवता येत नाही, त्याला हवेची गादी हवी. त्यातही बुडबुड्यांची पातळ गादी आणि आडव्या नळ्यांची गादी यांत मोठे अंतर आहे. बुडबुड्यांची गादी दोन-तीन हजार रुपयांत मिळते म्हणून तीच सगळीकडे दिसते, पण ती भारी वजनाखाली तळाला टेकते आणि तिचा एक बुडबुडा फुटला की हवा टिकत नाही. चांगल्या प्रतीच्या नळ्यांच्या गादीतली फुटलेली नळी सुटी काढून बदलता येते. हाडापर्यंत गेलेल्या व्रणाला बुडबुड्यांची गादी देणे म्हणजे पावसात पदर धरण्यासारखे आहे. मणक्याचे अस्थिर फ्रॅक्चर असलेल्या रुग्णाला आलटून-पालटून हलणारी गादी देऊच नये, इतके हे ठरवणे डॉक्टरी कामाचे आहे; असे असूनही आज ते औषधाच्या दुकानातला मुलगा किंवा आमच्यासारखी कार्यकर्ती ठरवते.

गादी कोणतीही असली, तरी टाचा तिच्यावर सोडू नयेत. पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवावी. कूस बदलणेही कोणत्याच गादीने सुटत नाही, तिच्यामुळे दोन वेळांतले अंतर थोडे वाढवता येईल इतकेच. खुबा थेट दबू नये म्हणून रुग्णाला साधारण ३० अंश कलता ठेवायचा, पूर्ण कुशीवर नाही. डोक्याकडची बाजू जेवणाची वेळ सोडून ३० अंशांपेक्षा वर ठेवली, की माणूस हळूहळू खाली घसरतो आणि घसरताना कातडी मागे राहून हाड पुढे जाते. ते ओढले जाणे नुसत्या दाबाइतकेच घातक असते. दुकानात मिळणारी रबरी रिंग तर बंदच व्हावी, कारण ती मधली जागा मोकळी ठेवते खरी, पण भोवतालच्या कड्याचा रक्तपुरवठा अडवते.

आता आपल्या खात्याने काय करावे, ते लिहिते.

रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याचा धोका मोजण्याची पद्धत जगभर वापरात आहे. अमेरिकेतील बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या मोजपट्टीत संवेदना, ओलावा, वावर (उठणे-चालणे), अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण या सहा गोष्टींना गुण देतात. एकूण २३ पैकी गुण १८ किंवा त्याहून कमी भरले की रुग्ण धोक्यात आहे, असे धरतात. परिचारिकेला हे करायला पाच मिनिटे लागतात. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयातून निघणाऱ्या प्रत्येक न चालणाऱ्या रुग्णाच्या कार्डावर हे गुण आणि त्यांच्याखाली 'गादी : अमुक प्रकारची' अशी एक ओळ लिहिणे सक्तीचे करावे. ही ओळ असती, तर सासऱ्यांच्या त्या जांभळ्या डागावर आम्ही पावडर चोळली नसती.

ती ओळ घेऊन माणसाने जायचे कुठे, हा पुढचा प्रश्न आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फोमच्या आणि नळ्यांच्या अशा दोन्ही गाद्यांचा छोटा साठा ठेवून त्या अनामत रकमेवर, आणि ती परवडत नसेल त्याला विनाअनामत, उसन्या द्याव्यात. गावोगावची मंडळे आणि न्यास हे काम वर्षानुवर्षे करत आहेत, त्यामुळे नवीन काही शोधायचे नाही. गादी बहुधा काही महिन्यांसाठीच लागते. एकाच्या घरी ती धूळ खात पडण्यापेक्षा धुऊन, निर्जंतुक करून दुसऱ्याला जाणे सरकारलाही परवडेल. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना ३,००० रुपये मिळतात. ती योजना सामाजिक न्याय विभागाची आहे, याची मला कल्पना आहे. तिच्या संदर्भात चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा अशी नावे घेतली जातात, म्हणजे मुख्यतः चालू-फिरू शकणाऱ्यांची साधने. अंथरुणातल्या माणसाची आठवण तिथे कमी पडली आहे, आणि ३,००० रुपयांत नळ्यांची चांगली गादी येतही नाही.

खरेदीबद्दल अधिक आग्रहाने लिहावेसे वाटते. २०२३ च्या कायद्याने राज्याचे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झाले आहे. निविदेत नुसते 'एअर मॅट्रेस, पंपासह' असे लिहिले, तर सर्वांत कमी दराची बुडबुड्यांची गादी येणार, यात पुरवठादाराचाही दोष नाही. गादी किती किलो वजनाला चालते, नळी सुटी बदलता येते का, वीज गेल्यावर हवा किती तास टिकते, वरचे आवरण काढून धुता येते का, पंपाची दुरुस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते का आणि पंप रात्री किती आवाज करतो, हे निविदेतच लिहून मागावे. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आवाजामुळे रात्री पंप बंद करून ठेवणारी घरे मी स्वतः पाहिली आहेत. विजेचा प्रश्न तर गावाकडे रोजचा आहे. पंप बंद पडल्यावर तासाभरात बसणारी गादी आणि खालची उघडी लाकडी फळी यांच्यामध्ये रुग्णाचे हाड असते, म्हणून हवेची गादी नेहमी साध्या गादीवरच अंथरावी, हेही सूचनापत्रकात मोठ्या अक्षरांत आणि चित्रासह छापावे.

शिकवणारी माणसे आपल्याकडे आहेत. आशाताई त्या घरी तशाही जातात, आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, आणि ज्येष्ठांची व उपशामक (गंभीर आजारात त्रास हलका करणारी) सेवा हा त्या केंद्रांच्या कामाचा भाग आहेच. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण आखून ग्रामपंचायतींच्या मदतीने घरी जाणाऱ्या परिचारिका उभ्या केल्या. आपल्याकडे निदान गादीवर हात घालून दाखवण्यापुरते प्रशिक्षण आशाताईंना द्यावे आणि त्या भेटीचा मोबदला त्यांच्या यादीत घालावा. बिनपैशाचे आणखी एक काम त्यांच्या माथी मारू नये.

आमच्या खोलीच्या माळ्यावर सात निकामी गाद्या आणि चार बंद पंप जपून ठेवले आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी आहे : कोणत्या तारखेला दिली, रुग्णाचे वजन किती, किती दिवसांत फुटली, कुठून फुटली. निविदेचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्यांना एकदा ते पाहायला पाठवावे, ही विनंती. केंद्र रोज सायंकाळी ५ ते ७ उघडे असते. आधी कळवल्यास सकाळीही उघडू.

आपली विश्वासू,
रुग्णसाहित्य केंद्रातील एक कार्यकर्ती